रिसेटनंतर आलं ते कोण?

मला हे लिहायचं नव्हतं. दहा वेळा सांगितलं. पण धाकटीने वही आणून पुढ्यात टाकली, पेनाचं टोपण काढून दिलं आणि म्हणाली, "नाना, मी सांगितलं तर लोक म्हणतात, कॉम्प्युटरसमोर बसून बसून पोरीचं डोकं फिरलं. तुमचं आधीपासूनच फिरलेलं आहे, तुम्हाला कोण काय बोलणार? लिहा."

घ्या. माझं शिक्षण चार यत्ता. पाचवीच्या मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या असतील त्याने वही इथेच मिटावी. आणि 'मी असा, मी तसा' करत गोष्ट सांगणारी माणसं मला आवडत नाहीत. म्हणून ह्यात मी नाही. एक म्हातारा आहे. तो कोण ते तुम्ही ओळखालच.

हा म्हातारा आयुष्यभर वायरमन होता. उन्हातान्हात खांबावर चढायचा, तारा जोडायचा. त्याचा एकच नियम. खालून कुणी कितीही ओरडून सांगो, लाइन बंद केलीय, तरी टेस्टर लावल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. त्याच्या जोडीला लांब्या म्हणून एक होता. त्याने एकदा खालच्यावर विश्वास ठेवला. लांब्याला खांबावरून उतरवताना म्हाताऱ्याच्या हाताला जो वास लागला, तो पुढे कितीतरी दिवस जेवताना यायचा.

घराच्या दारालाही त्याने तोच नियम लावला. बेल वाजो, थाप पडो, कडीला हात घालण्याआधी आतून विचारायचं, "कोण?" बायको भाजी घेऊन परत आली तरी, "कोण?" दहा मिनिटांपूर्वी त्याच्या डोळ्यांदेखत बाहेर पडलेली बाई! सुरुवातीला ती चिडायची. मग एक दिवस बाहेरून ओरडली, "चोर! उघडा आता, हात तुटले माझे." तेव्हापासून त्या घरात तेच उत्तर झालं. पोरंही तेच शिकली. थोरला चार वर्षांचा असताना बेलपर्यंत हात पोचत नसे, तर दाराला खालून लाथ मारून ओरडायचा, "चोल!" पुढे त्याला मिशा आल्या, लग्न झालं, दोन तासांवर त्याने स्वतःचं घर केलं, तरी बापाच्या दाराशी आला की तो चोरच.

बायकोला जाऊन तीन वर्षं झाली. छातीचं दुखणं होतं. दर तीन वाक्यांमागे खोकायची, आणि खोकून झालं की म्हणायची, "हं, तर काय सांगत होते." तो खोकला थोरल्याने जसाच्या तसा उचलला. वर सिगारेटी. जिन्यात खोकला ऐकला की कळायचं, कोण येतंय.

धाकटी तेव्हा नोकरीसाठी लांबच्या शहरात होती. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून थोरल्याने कॉम्प्युटरला माइक लावून दिला. ती त्यात बोलायची, थोरला सुट्टीच्या दिवशी येऊन ते धाकटीला पाठवायचा. अशी चाळीस पत्रं गेली. एकेचाळिसावं तिने दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी बोलून ठेवलं. ते गेलं नाही. ते एका डिस्कवर होतं, साबणाच्या डबीएवढ्या काळ्या खोक्यात. नंतर कधी लावून पाहिली तर टक्‌ टक्‌ करून ती मुकी व्हायची. शेवटी म्हाताऱ्याने फडक्यात गुंडाळून ती कपाटात ठेवली.

आता धाकटी बापापाशी राहते. घरातूनच कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायचं काम करते, मागच्या खोलीत. एका दुपारी ती म्हणाली, "नाना, आईची ती डिस्क काढा ना."

"कशाला?"

"माझ्या कामात सध्या हेच दुखणं आलंय. रिसेट दिला की डिस्क परत येते, पण आमचा ड्रायव्हर तिला आत घेत नाही. आईची डिस्क असंच करते. तिच्यावरच तपासते."

म्हाताऱ्याने विचारलं, ड्रायव्हर म्हणजे काय. तिने सांगितलं ते असं. डिस्क आणि कॉम्प्युटर एकमेकांशी सरळ बोलत नाहीत, मध्ये एक प्रोग्रॅम असतो. तो ड्रायव्हर. कॉम्प्युटर म्हणतो, अमुक पान दे. ड्रायव्हर ते डिस्ककडे मागतो. डिस्क कधी कधी मध्येच बसकण मारते. ड्रायव्हर तीस सेकंद थांबतो. तरी हलली नाही तर रिसेट देतो, म्हणजे मानगूट धरून गदागदा हलवतो. डिस्क सगळं विसरते आणि नव्याने जागी होते. मग ड्रायव्हर तिला विचारतो, तू कोण? तिने स्वतःचा नंबर सांगायचा. आधीचा आणि आताचा जुळला तर काम पुढे चालू. नाही जुळला तर बाहेर.

"शहाणा आहे तुझा ड्रायव्हर," म्हातारा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कॉम्प्युटरबद्दल आदर वाटला.

दोन दिवस ती त्या डिस्कशी झटली. पहिली भानगड अशी निघाली की रिसेट चालू असताना वाचणारा थांबायचा रिसेटसाठी आणि रिसेट थांबायचा वाचणाऱ्यासाठी. दोघं दारात उभे, आधी तू, नाही आधी तू. ते तिने सोडवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी स्पीकरमधून खरखर आली, आणि म्हाताऱ्याने चहाचा कप खाली ठेवला.

"धाकटे... बरी आहेस ना गं?" खोकला. लांबलचक, पोट धरून आलेला. "हं, तर काय सांगत होते. दाराची वरची कडी ढिली झालीय. ह्यांना सांग. मी सांगितलं तर ऐकत नाहीत. तू सांग, नीट बसवून घ्या म्हणावं." पुन्हा खोकला. "हं. आणि थोरल्याला सांग..."

टक्‌. टक्‌. बंद. तीस सेकंदांनी रिसेट झाला, डिस्क जागी झाली, ड्रायव्हरने नंबर विचारला, आणि डिस्कने भलतीच अक्षरं सांगितली. ड्रायव्हरने तिला बाहेर काढलं.

ती चाळीस सेकंदं धाकटीने आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि भावाला फोन केला. म्हाताऱ्याने काही न बोलता हत्यारांची पिशवी काढली आणि त्याच संध्याकाळी वरची कडी उखडून नवी बसवली. चार इंची स्क्रू, चार.

थोरला दुसऱ्या दिवशी रजा टाकून आला. जिन्यात खोकला, दारावर थाप.

"कोण?"

"चोर! नाना, कडी कसली भरभक्कम लावलीय, आत काय सोनं ठेवलंय?"

मस्करी दारातच संपली. ह्या थोरल्याचं एक दुखणं होतं, ते सांगायला हवं. आईला दवाखान्यात नेलं तेव्हा त्याला निरोप गेला होता. तो म्हणाला, उद्या निघतो. दुसऱ्या दिवशी तो पोचला तेव्हा आईच्या तोंडावर चादर होती. तीन वर्षांत तो त्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. आता त्याने ती चाळीस सेकंदं सहा वेळा ऐकली. 'थोरल्याला सांग' आलं की तो स्पीकरकडे झुकायचा, जणू जवळ गेलं की पुढचं ऐकू येईल.

"पुढचं काढ," तो बहिणीला म्हणाला.

"निघत नाहीये दादा. रिसेटनंतर ती नंबर चुकीचा सांगते."

"मग विचारू नकोस ना नंबर. तेच खोकं, तीच वायर, आपण तिघं इथे बसलोय. दुसरं कोण येणार आहे तिथून?"

"असं करत नाहीत. नियम आहे तो."

"आई आहे ती! आईला ओळख विचारणार तू?"

धाकटी बापाकडे बघायला लागली. म्हाताऱ्याने तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण त्याच्याही मनात होतं, ऐकू दे पोराला. धाकटीने ड्रायव्हरमधल्या दोन ओळी पुसल्या. येईल ती आपलीच समजायची, एवढं करून ठेवलं. तिच्यासारखी हुशार पोरगी कामावर असं कधी करती ना. घरचं माणूस म्हटलं की हात ढिला पडतो.

दुपारचे तीन वाजले होते. आवाज नीट यावा म्हणून पंखा बंद केला, खिडकी लावली. स्पीकरमधून आई बोलली, खोकली, कडीचं सांगितलं. "आणि थोरल्याला सांग..." टक्‌. टक्‌. तिघांनी तीस सेकंद श्वास धरला. रिसेट. खोक्यावरचा बारका दिवा विझला आणि पुन्हा लागला.

"...सांग, की मी वाट पाहत होते."

आवाज तिचाच. थोरल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

ती बोलत राहिली. मध्ये पुन्हा टक्‌ टक्‌, पुन्हा रिसेट, पुन्हा आवाज. प्रत्येक खेपेला आवाज जरा जास्त स्वच्छ. खोलीत कुठूनसा छातीला चोळायच्या मलमाचा वास यायला लागला, आणि त्याच्या मागे आणखी एक वास होता. तो म्हाताऱ्याने ओळखला. तो लांब्याचा वास होता.

मग त्याच्या ध्यानात आलं, की बराच वेळ ती खोकलेलीच नाही.

"पंखा का बंद केलात?" स्पीकर म्हणाला. "किती उकडतंय तुम्हाला."

धाकटीचा हात कळफलकावर तसाच राहिला. "नाना..." ती हळूच म्हणाली, "हे रेकॉर्डिंग नऊ मिनिटांचं आहे. आता सव्वीसावं मिनिट चाललंय."

"थोरल्या," आवाज म्हणाला, "तू वेळेवर आलास रे बाबा. मी पाहिलं तुला. दारात उभा होतास."

थोरला हुंदके देत होता. "हो गं आई... हो..."

"तू नव्हतास," म्हातारा म्हणाला.

"नाना, गप्प बसा!"

धाकटीने पडद्यावर काळ्या चौकटीत पांढऱ्या ओळी काढल्या. नंबर जुळतो का ते बघणं तिने बंद केलं होतं, पण डिस्क दर वेळी काय सांगते त्याची नोंद होत होतीच. आतापर्यंत चौदा रिसेट. तिने ओळींवर बोट ठेवून बापाला दाखवलं. पहिल्या खेपेला नुसती भलतीसलती अक्षरं. चौथ्या खेपेला त्यात दोन आकडे बरोबर. नवव्या खेपेला अर्धा नंबर बरोबर. चौदाव्या खेपेला सगळा बरोबर, फक्त शेवटचा आकडा चुकलेला.

"शिकतंय ते," ती म्हणाली. तिच्या ओठांना रंग राहिला नव्हता. "पुढच्या वेळी बरोबर सांगेल. मग मी चौकशी परत घातली तरी उपयोग नाही."

म्हातारा घाबरला होता, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त त्याला राग आला होता. चाळीस वर्षांचा संसार त्याने त्या बाईशी केला होता. भांडून, अबोला धरून, तिचा खोकला रात्रंदिवस ऐकून. आणि हे कुठलं कोण तिचा आवाज काढून त्याच्या घरात गोड बोलतंय. तो खुर्ची सरकवून स्पीकरच्या समोर बसला. दाराशी विचारायचा तसंच विचारलं.

"कोण?"

आवाज थांबला. डिस्क नुसती फिरत होती, सूं करत.

"कोण?"

"...मीच आहे. उघडा."

"कोण मीच?"

"मीच आहे," अगदी प्रेमाने. "उघडा ना."

"माझी बायको असं कधी बोलली नाही," म्हातारा म्हणाला. "एवढ्या प्रेमाने तर लग्नाच्या दिवशीही नाही. ती असती तर आतापर्यंत चार शिव्या आल्या असत्या. चालायला लाग."

टक्‌. टक्‌.

डिस्क पुन्हा अडकली. तीस सेकंद. ह्या तीस सेकंदांत धाकटी भराभर त्या दोन ओळी परत लिहायला लागली आणि थोरल्याने तिचं मनगट धरलं. "एकदा रिसेट होऊ दे. फक्त एकदा. ती मला काहीतरी सांगत होती."

"दादा, ती आई नाही."

"तुला काय माहीत! तुझ्याशी चाळीस वेळा बोलली ती. माझ्यासाठी एवढंच आहे!"

म्हाताऱ्याने शर्टाच्या खिशाला हात लावला. टेस्टर तिथे होता, सवयीने. तो इथे कशाला उपयोगी? त्याने खोक्याच्या वायरीला हात घातला. वायर गरम होती, तापलेल्या तव्याच्या कडेसारखी. त्याने ती मुठीत धरून हिसडली. वायर निघाली. दिवा विझला. डिस्क फिरायची थांबत थांबत थांबली.

आणि स्पीकर म्हणाला, "उघडा ना."

मग शांत.

नंतर थोरला उठला. त्याने ते खोकं वायरीसकट उचललं, स्वतःचा लॅपटॉप बॅगेत कोंबला. धाकटीने ड्रायव्हर बदलला तेव्हा त्याने तो आपल्याकडेही उतरवून घेतला होता, तो पुसलेल्या दोन ओळींचा. हे तिला मागाहून कळलं. दारात तो वळला.

"ती एकदा गेली तेव्हा मी नव्हतो," तो म्हणाला. "ह्या वेळी होतो. ह्या वेळी तुम्ही मारलंत तिला, नाना. तुम्ही. माझ्या डोळ्यांदेखत."

खोकत खोकत जिना उतरला. म्हाताऱ्याने त्याचा खोकला रस्त्यापर्यंत ऐकला.

धाकटीने कामावर चौकशीचा नियम होता तसा ठेवला. साहेबांना सांगितलं, रिसेटनंतर नंबर जुळत नसेल त्याला आत घेता येणार नाही, गिऱ्हाइकं कितीही बोंबलोत. साहेबांनी कारण विचारलं. तिने सांगितलं, कारण मी सांगतेय म्हणून. बापावर गेलीय.

अकरा दिवसांनी सुनेचा, म्हणजे थोरल्याच्या बायकोचा फोन आला. आवाज अगदी खुशीत. "नाना, तुम्ही काळजी करत असाल म्हणून कळवते. आता बरं आहे ह्यांचं. रोज दुपारी खोली लावून घेऊन आईंचं ऐकत बसतात. पण चिडचिड नाही, सिगारेट नाही. आणि तो खोकला होता ना, लहानपणापासूनचा? तोसुद्धा गेला हो."

म्हाताऱ्याने फोन ठेवला आणि जाऊन कडी तपासली.

त्याच आठवड्यात दुपारी दारावर थाप पडली. जिन्यात खोकला वाजला नव्हता.

"कोण?"

"मीच आहे, बाबा. उघडा."

त्याने दाराच्या भिंगातून पाहिलं. थोरलाच. तोच शर्ट, तीच मिशी, नुसता हसत उभा. पण थोरल्याने जन्मात त्याला बाबा म्हटलेलं नाही.

"माफी मागायला आलोय, बाबा. उघडा ना."

"कोण?"

बाहेरचा हसतच राहिला. मग जिना उतरून गेला. पायऱ्या वाजल्या नाहीत.

तीन दिवसांनी तो पुन्हा आला. ह्या वेळी नाना म्हणाला. त्याच्या पुढच्या खेपेला "कोण?" विचारल्यावर बराच वेळ थांबून म्हणाला, "चो..." आणि परत गेला. परवा आला. म्हाताऱ्याने विचारलं आणि त्याने झटकन उत्तर दिलं, "चोर!" अगदी बरोबर. पाठोपाठ खोकलासुद्धा. नीट, एकसारखा, तीन वेळा, घड्याळाच्या ठोक्यांसारखा.

धाकटी दाराला पाठ लावून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "नाना, दादाच असला तर?"

"असेल तर थांबेल," म्हातारा म्हणाला. कडी काढली नाही.

आता कळलं का, मला हे का लिहायचं नव्हतं? लिहिलेलं कुणीही वाचतं. बाबा नाही नाना, चोर, खोकला, सगळं ह्या वहीत आलं. वाचू दे. शिकू दे काय शिकायचं ते. एक प्रश्न मी ह्यात लिहिलेला नाही आणि धाकटीलाही सांगितलेला नाही. त्याचं उत्तर मला माहीत आहे आणि आणखी एका माणसाला माहीत आहे. रोज दुपारी मी खुर्ची दाराला लावून बसतो. चार इंची स्क्रू आहेत, माझी घाई नाही. मी बायकोला मारलं असं मला माझ्या घरात म्हणून गेलेला माणूस अजून परत आलेला नाही. तो येईल, उत्तर देईल, मग मी दार उघडीन, आणि मग त्याने उंबऱ्याच्या आत उभं राहून माझी माफी मागायची आहे. दारात हसत उभं राहणाऱ्याने नाही. थोरल्याने.